कोमट

“मला ताप आला तर गोळी नि घोटभर पाणी. हिला आला की मिस्त्री दारात हजर,” कमलाबाई तोंडातल्या तोंडात पुटपुटली.

ऐकायला फक्त चंपा होती. दोघी एकाच पालथ्या क्रेटवर अर्ध्या-अर्ध्या टेकल्या होत्या, त्यामुळे एकीने सुस्कारा टाकला तरी दुसरी हलत होती.

“हिला” म्हणजे होडीच्या मशीनला. वरळी कोळीवाड्याच्या किनाऱ्यावर, बोंबील वाळत घातलेल्या काठ्यांच्या पलीकडे, एका निळ्या पिंपाच्या काठावर ती मशीन आवळून उभी केली होती. पाय पिंपातल्या गोड्या पाण्यात, डोक्यावरचं झाकण काढलेलं. कमलाबाईच्या नवऱ्याने, दौलत नाखव्याने, ती सेकंडहँड घेतली त्यालाही जमाना लोटला होता. चंपाचा नवरा, शामराव, पहाटेपासून तिच्यापुढे उकिडवा बसला होता.

दुखणं ठरलेलं होतं. अर्धा तास धावली की मशीन तापायची, दम टाकायची, आणि गार होईस्तोवर हूं की चूं करायची नाही. मशीनच्या पायाशी एक जाळी असते. तिथून समुद्राचं पाणी आत येतं, रबराचा इवलासा पंखा ते वर ढकलतो, ते मशीनच्या डोक्याभोवती फिरून तिला गार ठेवतं आणि मागच्या भोकातून पिचकारीसारखं बाहेर पडतं. शामरावांनी जाळीतली घाण काढली होती, पंख्याची पाती आखडली होती म्हणून नवा पंखा बसवला होता, आणि मागच्या भोकात तार घालून आतलं मीठ उकरलं होतं. आता त्यांनी दोरी खेचली. मशीन खोकली, थुंकली, आणि चालू झाली. मागून जोरकस धार सुटली.

“आली, आली,” दौलत म्हणाला. ओहोटी लागायच्या आत त्याला निघायचं होतं. माशांची जाळी कालपासून पाण्यात होती आणि खलाशी गावाला गेला होता, त्यामुळे आज तो एकटाच जाणार होता.

पण नुसत्या धारेवर शामराव मशीन सोडत नसत. धार एवढंच सांगते की पंखा फिरतोय, मशीनची तब्येत ती सांगत नाही, असं त्यांचं म्हणणं. म्हणून मशीन थोडी चालू द्यायची, मग धारेखाली हात धरायचा आणि शेवटी तोच हात उलटा करून मशीनच्या डोक्यावर ठेवायचा, पोराच्या कपाळावर ठेवतात तसा. बाकीचे मिस्त्री आता तापमान दाखवणारी बंदूक घेऊन फिरत. शामराव हात घेऊन फिरत. माहीमपासून कुलाब्यापर्यंत लोक मशीन टेम्पोत घालून आणत ते त्या हातासाठी. आणि किनाऱ्यावरचा एक रिवाज होता, कोणी ठरवून पाडलेला नाही, पण मोडलाही नव्हता: शामरावांचा हात लागून गेला की त्यानंतर दुसऱ्या कोणी हात लावायचा नाही. लावला तर तो अपमान.

त्यांनी धारेखाली हात धरला. मग डोक्यावर ठेवला. ठेवून ते दौलतशी बोलत राहिले, वारा कुठला आहे, जाळी कुठे टाकलीयत. बोलत राहिले आणि हात तिथेच राहिला.

चंपाला वाटलं, फार वेळ ठेवलाय. धारेतून थोडी वाफ उठल्यासारखी दिसत होती. तिला वाटलं, मशीनचा धूर असेल.

“कोमट,” शामराव म्हणाले. “जा नाखवा, बिनघोर.”

आणि दौलत गेला.

*

बीडीडी चाळ पाडून जे टॉवर उभे राहिले त्यांतल्या एकात चंपाला घर मिळालं होतं. कधी नव्हे तो समुद्र स्वयंपाकघराच्या खिडकीत आला होता. पहिले काही दिवस चंपा खिडकीपासून हात दोन हात लांब उभी राहून भाजी चिरायची, इतकी उंची. आता सवय झाली होती. वरून होड्या दिसायच्या, पण तांदळातल्या खड्यांसारख्या. कुठली कोणाची ते कळायचं नाही.

जेवायला बसल्यावर तिने शामरावांच्या ताटात भात वाढला आणि त्यांचा हात पाहिला.

उजव्या हाताची पाठ लाल झाली होती. लाल म्हणजे नुसती लाल नव्हे. मधोमध कातडी वर आली होती, आत पाणी धरलं होतं, आणि तिच्या डोळ्यांदेखत ती जणू आणखी फुगत होती. त्याच हाताने शामराव भात कालवत होते.

“हे काय झालं?” तिने विचारलं.

त्यांनी हात वळवून पाहिला, दुसऱ्या कोणाचा असावा तसा. “घासलं असेल कुठेतरी,” म्हणाले, आणि आमटी मागितली.

चंपाने आमटी वाढली.

हा घासल्याचा फोड नव्हता. जन्मभर तिने सरकारी दवाखान्याच्या वॉर्डात आयाचं काम केलं होतं. फोड कसला ते ती दारातून सांगू शकायची. हा भाजल्याचा फोड होता. आणि भाजायला आज सकाळपासून त्या हाताला एकच वस्तू लागली होती.

म्हणजे मशीन कोमट नव्हती.

तिने खिडकीकडे पाहिलं. खाली, लांब, चकाकत्या पाण्यावर खडे पसरले होते. त्यातला एक दौलत होता. एकटा.

शामराव जेवले, हात धुतला, बडीशेप तोंडात टाकली आणि सतरंजीवर आडवे झाले. डोक्याखाली उशी न घेता, हात छातीवर ठेवून. थोड्या वेळात घोरायला लागले.

चंपा भांडी तशीच ठेवून त्यांच्याजवळ बसली. जळल्याचं मलम घरात होतं, ते तिने फोडावर हलकेच पसरलं. घोरणं थांबलं नाही. मग तिने असं काही केलं की ज्याची तिला नंतर लाज वाटली. तिने त्यांच्या मधल्या बोटाचं टोक चिमटीत धरलं आणि दाबलं. आधी हळू. मग नखाने.

शामराव घोरत राहिले.

वॉर्डात तिने असे कितीतरी पाहिले होते. साखर अंगात मुरून हातापायांची जाणीव गेलेली माणसं. एक जण पायात खिळा घेऊन चालत आला होता, चपलेतून आरपार, आणि हसत म्हणाला होता, “मावशी, कळलंच नाही ओ.” अशांच्या बायका बाहेरच्या बाकावर बसून रडायच्या आणि चंपा त्यांना ओरडायची. आधी का नाही सांगितलंत, घरात कळत नव्हतं का, लपवून काय मिळतं. ओरडायला तिला फार आवडायचं त्या काळात.

आणि घरात कळत होतंच की. वर्ष होत आलं. शामराव चहाचा स्टीलचा पेला फडक्याशिवाय उचलायचे, तेव्हा ठाण्याला दिलेली मुलगी, संघमित्रा, एक दिवस येऊन पेले घेऊन गेली आणि कानवाले मग ठेवून गेली. का ते बोलली नाही. पप्पांच्या वाढदिवसाला तिने ती तापमानाची बंदूक आणली, सहज आणल्यासारखी. शामरावांनी ती सगळ्यांच्या कपाळावर धरून गंमत केली, मग खोक्यात घालून कपाटावर ठेवली. तिच्या बॅटऱ्या आता टीव्हीच्या रिमोटमध्ये होत्या. नव्या घरात गिझर आला तेव्हापासून चंपा त्यांच्या आधी मोरीत जाऊन बादलीचं पाणी स्वतः बेतून ठेवायची. शामराव काही विचारायचे नाहीत. बादली आयती का असते, असं जन्मभर स्वतःचं पाणी स्वतः ओतून घेतलेल्या माणसाने विचारायला हवं होतं, पण विचारायचे नाहीत. मुलगी धरून घरची तिघं माणसं होती आणि तिघांनी मिळून त्या हाताभोवती एक कुंपण घातलं होतं.

एकदा चंपाने धीर केला होता. “अहो, तुमच्या हाताला...” म्हणाली होती. शामरावांनी वर पाहिलं. वॉर्डात नर्स सुई घेऊन आत शिरली की लहान पोरं बघायची तसं.

“काय हाताला?”

“तेल लागलंय,” ती म्हणाली होती, आणि पदराने पुसलंही होतं.

कारण तो हात म्हणजे नुसता हात नव्हता. शामरावांचे वडील गिरणीत होते, गिरणी गेली तेव्हा शामराव नाक्यावरच्या गॅरेजात स्कूटरी उघडायला शिकले, आणि तिथून किनाऱ्यावर मशीनकडे वळले. सुरुवातीला एका घरी, नाव कशाला घ्या, त्यांना ओंजळीत वरून पाणी मिळायचं. मग एकदा त्याच घरची मशीन ऐन हंगामात बसली, आणि शामरावांनी हात लावून सांगितलं कुठे काय अडलंय. त्यानंतर पेला आला. मग ताट. पुढे त्या घरच्या लग्नात शामराव नवरदेवाच्या शेजारी बसून जेवले. शामरावांनी ही गोष्ट घरात एकदाच सांगितली होती, हसत, उजव्या हाताकडे बघत. आता त्या हाताबद्दल कोणी काय बोलायचं?

चंपाने दौलतचा नंबर लावला. फोनमधली बाई म्हणाली, संपर्क क्षेत्राबाहेर. पुन्हा लावला. बाई तेच म्हणाली, अगदी शांतपणे, जणू तिला काही पडलेलंच नाही.

मशीन तापून बसली तर काय होतं, ते चंपाला ठाऊक होतं. ओहोटीचं पाणी ओढतं. बाहेर खडक आहेत. वल्ह्याने होडी सांभाळायला दोन माणसं लागतात. दौलतने साठी ओलांडली होती. आणि मशीनला पेट्रोल असतं. तापलेल्या मशीनशेजारी पेट्रोलचा डबा.

नवऱ्याला उठवावं? उठवून काय सांगावं? तुम्ही ज्याला कोमट म्हणालात ते उकळत होतं? त्याच्या पुढचं वाक्य आपोआप येणार होतं. ते एकदा हवेत सुटलं की किनाऱ्यावर पोचायला वेळ लागणार नव्हता, आणि मग त्या पिंपापुढे शामराव पुन्हा बसणार नव्हते. आणि न सांगावं तर... चंपाने खिडकीची कड घट्ट धरली. एक खडा हलत नव्हता. बाकीचे हलत होते, एक हलत नव्हता. की तो खडकच होता? तिला काही दिसेना. डोळ्यांत पाणी आलं होतं त्यामुळे तर अजिबातच.

तिने कमलाबाईला फोन लावला.

*

“दौलतभाऊ आले का?”

“आता कुठला येतो? संध्याकाळ होईल,” कमलाबाई म्हणाली. मागे बाजाराचा गलका होता. “का गो?”

चंपाने तोंड उघडलं. खरं जिभेवर होतं. शेजारी शामराव कूस बदलत होते.

“मला स्वप्न पडलं,” ती म्हणाली.

बोलली आणि तिचे कान तापले. चंपाच्या सासऱ्यांनी छप्पन साली दीक्षा घेतली त्या दिवसापासून त्या घरात शकुन नव्हता, अपशकुन नव्हता, उपास नव्हता, अंगारा नव्हता. मांजर आडवं गेलं तर सासरे म्हणायचे, त्याला काम असेल. पाल चुकचुकली तर म्हणायचे, बोलू द्या की तिलाही. चंपाने सगळं आयुष्य शेजारणींच्या स्वप्नांना हसण्यात काढलं होतं, आणि कमलाबाईच्या तर सर्वांत जास्त. आणि आता स्वतःच्या तोंडाने ती एक स्वप्न उभं करत होती, कारण खऱ्यापेक्षा ते सांगायला सोपं होतं.

“स्वप्न?” कमलाबाई म्हणाली. “दुपारचं?”

“डोळा लागला होता. होडी दिसली तुमची. धूर निघत होता. मागून धार येत होती, पण वाफेची.”

पलीकडचा गलका मागे पडला. कमलाबाई कुठेतरी आडोशाला सरकली असावी.

“चंपा,” ती हळू म्हणाली, “तू तर मांजर गेलं तरी थांबत नाहीस.”

“हो.”

“स्वप्नात आणखी कोण होतं?”

चंपाने फोन दुसऱ्या कानाला लावला.

“मिस्त्री होते?”

“होते.”

“काय करत होते?”

चंपाने सतरंजीवरच्या हाताकडे पाहिलं. मलम चकाकत होतं.

“मशीनच्या डोक्यावर हात ठेवून उभे होते,” ती म्हणाली. “काढतच नव्हते.”

मग कमलाबाई म्हणाली, “कळलं. ठेव फोन. दिराची होडी सोडते बाहेर.” आणि ठेवायच्या आधी, जरा कोरड्या आवाजात, “देवीला नारळ बोलते मी. तुझ्या नावाचा नाय बोलत, घाबरू नको.”

*

त्यानंतरचा वेळ चंपाने कसा काढला ते तिला धड आठवत नाही. भांडी घासली असावीत, कारण नंतर ती घासलेली होती. खिडकीशी गेली, परत आली, परत गेली. उन्हाचा रंग बदलला. सागरी सेतूच्या तारांमधून ऊन तिरपं पडायला लागलं आणि पाण्यावरचे खडे दिसेनासे झाले, नुसतं झगझगीत पत्र्यासारखं पाणी. तिच्या मनात एक वाक्य पुन्हा पुन्हा येत होतं, तिने वॉर्डात बायकांना सुनावलेलं. लपवून काय मिळतं? लपवून काय मिळतं, मावशी?

मधेच तिला वाटलं, दौलत गेला असेल. तसं वाटल्यावर तिने पहिली कोणती गोष्ट मनात आणली असेल, तर ही की आता कोणाला कळू नये. तिला स्वतःचीच भीती वाटली.

फोन वाजला तेव्हा तिला तो उचलवेना. शामराव जागे झाले आणि त्यांनी पाहिलं, बायको वाजत्या फोनकडे बघत नुसती उभी आहे.

“घे की.”

तिने घेतला. “सापडला,” कमलाबाई म्हणाली. “ओढून आणतायत. सापडला.”

शामरावांनी विचारलं काय झालं. दौलतभाऊंची मशीन बंद पडली म्हणे, ती म्हणाली. शामराव उठले. सदरा चढवला. बटणं लावायला त्यांना नेहमीपेक्षा वेळ लागत होता, तेव्हा चंपाने लावली. त्यांच्या हाताला एक स्वच्छ रुमाल बांधला. त्यांनी बांधू दिला. मग हत्यारांची पिशवी घेऊन ते निघाले, आणि ती मागून.

*

दौलत पालथ्या क्रेटवर बसला होता, सकाळी त्या दोघी बसल्या होत्या त्याच. चेहऱ्यावर मीठ वाळलं होतं. कोणीतरी दिलेला चहा त्याने दोन्ही हातांनी धरला होता. काय झालं ते तो हसत हसत सांगत होता आणि कोणी हसत नव्हतं. परतताना मशीनला जळका वास आला, दम सुटला, त्याने ती बंद केली. नांगर टाकला, तर नांगर तळाला धरेना. पाणी ओढायला लागलं. खडक असे, ह्या पिंपाइतके जवळ आले. वल्हं उभं करून खडकाला टेकवून तो होडी लांब ढकलत राहिला, एका बाजूने ढकललं की दुसरी बाजू फिरायची. वल्हं मोडलं तेव्हा पायाने. भाऊ होडी घेऊन आला तेव्हा तो पायानेच ढकलत होता. दौलतने पाय दाखवला नाही, लुंगीखाली ओढून घेतला.

शामराव समोर उभे राहून सगळं ऐकत होते.

“पिशवी अडकली मिस्त्री,” दौलत त्यांच्याकडे न बघता म्हणाला. “प्लॅस्टिकची. खालच्या जाळीत. दुसरं काय? तुमचं काम एक नंबर.”

“पिशव्याच पिशव्या झाल्यात सगळीकडे,” कमलाबाई म्हणाली.

कमलाबाईचा दीरही म्हणाला की काल त्याच्याही जाळीत पिशव्या आल्या होत्या. चंपाने सुद्धा, तिला कोणी विचारलं नव्हतं तरी, सांगितलं की वरून खिडकीतून दिसतात ना, केवढ्या तरंगतात. सगळे जण पिशव्यांबद्दल बोलायला लागले. इतकं एकमत त्या किनाऱ्यावर कधी कशावर झालं नव्हतं.

“मशीन पिंपावर चढवा,” शामराव म्हणाले.

“राहू द्या आता, उद्या बघू,” दौलत म्हणाला.

“चढवा.”

दिराने आणि आणखी दोघांनी ती उचलून पिंपावर आवळली. शामराव खाली वाकले आणि पायाच्या जाळीत चाकूचं पातं फिरवलं. पातं स्वच्छ बाहेर आलं.

“पिशवी कुठे आहे?”

“फेकली.”

“पाण्यात?”

दौलतने चहाचा घोट घेतला. होडीत कोणी वेफरचं पाकीट समुद्रात भिरकावलं तर त्याला पोहून आणायला लावणारा माणूस तो.

“पिशवी जाळीत ओढली गेली तर फाटते,” शामराव म्हणाले. “एखादी तरी चिंधी राहते मागे. इथे काय नाय.”

त्यांनी दोरी खेचली. पहिल्यांदा नाही, दुसऱ्यांदा नाही. चंपा मनात म्हणत होती, नको होऊस चालू. तशीच पडून राहा, मर, नको होऊस. मशीन खोकली, थुंकली, आणि चालू झाली. मागून धार सुटली. सकाळसारखीच, जोरकस.

“पंखा ठीक आहे,” शामराव म्हणाले. ते कोणाशी बोलत नव्हते, मशीनपुढे नेहमी बोलत तसेच बोलत होते. “भोक मोकळं आहे. पाणी वर येतंय नि जातंय. डोक्यात फिरत नाय. म्हणजे आतला थर्मोस्टॅट चिकटलाय. पाणी सोडणारं दार ते, मिठाने बंद झालंय.” ते थांबले. मशीन घुमत राहिली. “हे मीठ आजचं नाय. एका फेरीत दार बंद होत नाय.”

“होतं कधी कधी,” दौलत म्हणाला.

“तुला म्हाइत आहे नाखवा, होत नाय. सकाळी पण बंदच होतं.”

बोंबलांच्या काठ्यांवरून वारा सुटला होता. धारेतून वाफ निघत होती. मावळत्या उन्हात ती आता सगळ्यांना दिसत होती, धुरासारखी नाही, वाफेसारखीच. कमलाबाईने पदर तोंडावर धरला. चंपाला वाटलं, आत्ता काहीतरी बोलायला हवं. वाफेचं काही मनावर घेऊ नका म्हणावं, थंडी आहे म्हणून दिसते म्हणावं. स्वप्न पडलं म्हणावं. तिने शामरावांच्या पाठीकडे पाहिलं आणि तिला एकही खोटं सुचेना.

शामरावांनी हातावरचा रुमाल सोडला. गाठ दाताने सोडवावी लागली. रुमाल घडी करून खिशात ठेवला. मग तो हात त्यांनी धारेखाली धरला, सगळ्यांच्या समोर, फोडासकट. दौलत अर्धा उठला. शामरावांच्या चेहऱ्यावरची रेघही हलली नाही. ते हाताकडे बघत नव्हते. ते एकेकाच्या तोंडाकडे बघत होते, दौलतच्या, दिराच्या, कमलाबाईच्या, आणि शेवटी बायकोच्या, आणि तिथे त्यांना जे बघायचं होतं ते दिसलं असावं, कारण त्यांनी हात बाहेर काढला. फोड फुटला होता.

“जाळी साफ,” ते म्हणाले. “पंखा नवा. भोक मोकळं. मग राहिलं काय?”

दौलतने चहा वाळूवर ठेवला.

“राहिला हात,” शामराव म्हणाले. “मला गरम कळत नाय, नाखवा. बरेच दिवस झाले. आज तू मेला असतास.”

दौलतने काही म्हणायला तोंड उघडलं, पण शामरावांनी त्याच्याकडे पाहिलं नाही. ते पिंपापासून एक पाऊल बाजूला सरकले.

“चंपा, इकडे ये. तू लाव हात. काय असेल ते मोठ्याने सांग.”

चंपा पुढे झाली. त्या किनाऱ्यावर शामरावांचा हात लागून गेल्यावर कोणीही हात लावलेला नव्हता. तिने धारेला बोटं नुसती लावली आणि झटक्यात मागे घेतली. मग हात उलटा केला, त्यांच्यासारखाच, आणि मशीनच्या डोक्याजवळ नेला, पण टेकवता आला नाही. आच आधीच पोचली होती.

“पोळतंय,” ती मोठ्याने म्हणाली.

शामरावांनी मान डोलावली, आणि मशीन बंद केली.